मागच्या बाजूचा मजकूर

माझ्या आत्याच्या मनातली गोष्ट एका सकाळी वर्तमानपत्रासोबत दोन हजार घरांत पोचली, ती माझ्यामुळे. यात ग्रह, नशीब, यंत्राचा बिघाड वगैरे काही नाही. मी छापखाना चालवतो आणि त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं, इतकंच.

झालं असं. माझ्या वडिलांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे आणि आत्या तिथे चौदा वर्षं गाडी शिकवत होती. सुट्ट्या लागायच्या आधी दरवर्षी हँडबिल निघतं: नव्या वेळा, बायकांसाठी वेगळी बॅच, खाली आत्याचा मोबाइल नंबर. यंदा तो मजकूर तिने स्वतःच्या हाताने लिहून आणला. तिचं अक्षर इतकं देखणं, की मला भलतीच अक्कल सुचली. म्हटलं, टाइप कशाला करायचं? आहे तसं हस्ताक्षरातच छापू, लोक थांबून वाचतील. तेवढा अंदाज बरोबर ठरला. लोकांनी थांबून वाचलं.

कागद यंत्रात सरकवला. त्याआधी एका शाळेचे प्रवेशअर्ज काढले होते, ते पाठपोट, म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजूंना. ते बटण तसंच दाबलेलं राहिलं होतं. यंत्र चालू करून मी समोर चहाला गेलो. परत आलो तर गठ्ठे तयार. वरचा कागद पाहिला. शाई नीट, कडा नीट. उलटून बघायची बुद्धी झाली नाही. पहाटे गठ्ठे पेपरवाल्यांच्या हवाली केले आणि घरी जाऊन ढाराढूर झोपलो.

आता मागच्या बाजूला काय होतं ते सांगतो. एका विद्यार्थिनीची लायसन्सची परीक्षा होती, नंबर यायला दोन तास होते, आणि आत्या मैदानाच्या कडेला गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून स्वतःशीच लिहीत बसली होती. नंतर त्याच कागदाच्या कोऱ्या बाजूवर तिने हँडबिल लिहिलं. कागद वाया घालवणं तिच्या रक्तात नाही. तर ते असं होतं:

कसा माणूस हवा.
१. विचारलं तर उत्तर देणारा. ‘हं’ हे उत्तर नाही.
२. आज काय झालं, हे दिवसातून एकदा विचारावं आणि सांगून होईपर्यंत जागेवर बसावं.
३. मी गाडी चालवताना शेजारी बसून उगाच पायाने ब्रेक दाबू नये.
४. मी चिडले तर टीव्हीचा आवाज वाढवू नये.
५. स्वतःच्या गोळ्या स्वतःच्या लक्षात असाव्यात.
६. घोरला तरी चालेल.
७. लग्न नको. धुणीभांडी नकोत. सोबत हवी.

आणि सगळ्यात खाली ‘उंच असावा’ असं लिहून खोडलेलं. खोडलेलं स्वच्छ वाचता येत होतं. माझं यंत्र चांगलं आहे.

सात वाजायच्या आत पहिला फोन आत्याला गेला. कुठल्या तरी टवाळ पोराने विचारलं, “मावशी, मी घोरतो, पण उंची कमी आहे. चालेल का?” आत्याला काही कळेना. तिने शांतपणे सांगितलं, “बाळा, उंची कमी असली तर सीट पुढे घेता येते.” ती समजली, गाडी शिकायला विचारतोय.

आत्याचं वय त्रेपन्न. आमच्या घरात तिला अजून बेबी म्हणतात. म्हणजे बाबा म्हणतात, आणि बाबा म्हणतात म्हणून बाकी सगळे. गाडी शिकवताना मात्र ती कुणाची बेबी नसते. शिकवायच्या गाडीत तिच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. समोरच्या बाईने घाबरून सगळं सोडून दिलं तरी गाडी थांबवायची ती आत्याने. चौदा वर्षं तो पाय तयारीत ठेवून तिची पोटरी दगडासारखी झाली आहे. दुसऱ्याच्या गाडीत बसली तरी पाय चालूच. माझ्या मित्राच्या गाडीतलं पायपुसणं तिने एका प्रवासात फाडलं. तोंडही तसंच. “अगं, क्लच सोड म्हटलं, जीव नाही!” “आरसा मागचं बघायला आहे, टिकली नंतर बघ.” बायका तिच्यापुढे रडायच्या, लायसन्स मिळालं की मिठी मारून परत रडायच्या.

आणि घरी? घरी आतोबा होते. आत्याचा नवरा. सरकारी पाणीपुरवठ्यात हेडक्लार्क. त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं म्हटलं तर पंचाईत होते. दारू नाही, हात उगारणं नाही, बाहेरची भानगड नाही. नव्हतं ते फक्त बोलणं. सव्वीस वर्षांच्या संसारात पहिली पाचसात वर्षं थोडंफार होतं म्हणतात, मग आटत गेलं. ऑफिसातून यायचे, टीव्ही लावायचे, जेवायचे. आत्या सांगायची, आज एका मुलीने गाडी थेट दूधवाल्याच्या सायकलवर घातली होती, जरा उशीर झाला असता तर. आतोबा म्हणायचे, “हं.” एकदा आत्याने ठरवलं की आपणहून बोलायचं नाही, बघू या यांच्या कधी लक्षात येतं. नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी ते म्हणाले, “गॅस संपलाय.”

हे तिने मला सांगितलं तेव्हा मी हसलो. ती हसली नाही. मग मीही थांबलो.

मुलीचं, म्हणजे माझ्या आतेबहिणीचं, लग्न झालं आणि चार महिन्यांनी आतोबा जेवताना म्हणाले, “पोरगी मार्गी लागली. आता आपण एकमेकांना कशाला अडकवून ठेवायचं? मी भावाकडे राहायला जातो. कागदपत्रं करून टाकू.” आत्या म्हणते, सव्वीस वर्षांत ते एवढं लांबलचक पहिल्यांदाच बोलले. घर विकलं, अर्धे अर्धे केले. नातेवाइकांनी तिलाच विचारलं, “तू काय केलंस गं?” एवढा सज्जन माणूस, दारू नाही, काही नाही! म्हणजे ज्याने काहीच केलं नाही तो सुटला, आणि जी रोज तोंड उघडत राहिली तिचा हिशोब मागायला सगळे हजर. माझ्या तळपायाची आग तेव्हापासून मस्तकात आहे, ती अजून खाली उतरलेली नाही.

मग ती सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला गेली. मी अधूनमधून जायचो. एकदा दारात पोचलो तर आत फोनवर कुणाशी तरी भांडण चालू. मोबाइल कंपनीच्या मदत केंद्राशी. बिल बरोबर होतं, नेटवर्क बरोबर होतं, भांडायला कारणच नव्हतं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, “आत्या, कशाला?” ती म्हणाली, “अरे, ती मुलगी शेवटी विचारते ना. ‘आणखी काही मदत करू शकते का?’ किती दिवसांनी कुणी तरी विचारलं.”

एवढं सांगितल्यावर, मागच्या बाजूचा तो मजकूर काही उनाडपणा नव्हता, हे वेगळं सांगायला नको. पण बाबांना सांगायला हवं होतं.

त्या सकाळी नऊ वाजता आम्ही तिघं स्कूलच्या ऑफिसात होतो. ऑफिस म्हणजे एक खोली. भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता, कोपऱ्यात लाकडी स्टँडवर ठोकलेलं एक सुटं स्टिअरिंग, नवशिक्यांनी हात बसवायला, आणि विद्यार्थ्यांसाठी चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या. बाबा उभे होते. हँडबिल त्यांच्या हातात होतं.

“बेबी, हे काय आहे?”

“हँडबिल.”

“मागे काय आहे?”

आत्याने कागद घेतला, उलटला, वाचला. सगळा वाचला, खोडलेल्या ओळीसकट. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

“मागे मी आहे,” ती म्हणाली.

मग माझ्याकडे वळली. “तू वाचलं होतंस?”

“नाही. म्हणजे हो. सकाळी. लोकांनी वाचल्यावर.”

“म्हणजे सगळ्यात शेवटी. शाबास! अख्ख्या गावाने वाचायचं आणि छापणाऱ्याने नाही. आणि दोन हजार रे? मला एक हवा होता!”

मला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्हींपैकी काहीच करायची ती वेळ नव्हती.

“तुला गंमत वाटते?” बाबा कडाडले. “दोघींच्या वडिलांचे फोन आले. मुलींना पाठवणार नाहीत म्हणतात. चौदा वर्षांचं नाव मातीत गेलं. तू, घे लिहून.” हे मला. “मागील बाजूचा मजकूर छपाईतील चुकीमुळे आला असून त्याचा आमच्या संस्थेशी अथवा कोणत्याही व्यक्तीशी संबंध नाही. दोन हजार काढ. उद्या पहाटे जायला हवेत. खाली बेबीची सही.”

“कोणत्याही व्यक्तीशी नाही?” आत्या म्हणाली. “मग कुणी लिहिलं, भुताने?”

“तसं म्हणायचं असतं.”

“दादा, छपाई चुकली हे खरं आहे. हा गाढव आहे हेही खरं आहे. पण मजकूर चुकलेला नाही. त्यातली कुठली ओळ चुकली सांग. घोरण्याची?”

“या वयात शोभतं का हे?”

“कुठल्या वयात शोभतं? सत्ताविसाव्या वर्षी तुम्ही बघून दिलात तेव्हा मला कुणी असा कागद दिला नव्हता लिहायला.”

“लोक काय म्हणतायत माहीत आहे?”

“मला माहीत नसेल तर कुणाला? माझ्याच नंबरवर म्हणतायत. सकाळपासून एकोणीस जण म्हणाले, अर्थ आत्ता लागला.” तिने पेन बाबांपुढे ठेवलं. “ज्याला खोटं बोलायचंय त्याने सही करावी. घाल खाली तुझं नाव. हा मजकूर माझ्या बहिणीचा नाही. तिला सोबत नकोय. तिचं सगळं छान चाललंय. कर सही.”

बाबांनी पेनाकडे पाहिलं आणि खिशातून रुमाल काढून घाम पुसला. खुलासा कधीच छापला गेला नाही. त्याला सही द्यायला कुणी मिळालं नाही.

पुढच्या चार दिवसांत आत्याला पाऊणशे तरी फोन आले. टवाळ पोरं होती. एका म्हाताऱ्याला स्वयंपाकीण हवी होती आणि तो सातवा मुद्दा वाचूनही ठाम होता. एकाने पगार किती घेणार विचारलं. त्या सगळ्यांना आत्याने जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही, मला छापखाना चालवायचा आहे. पण जास्त फोन बायकांचे होते. कुणी म्हणायचं, “‘हं’ हे उत्तर नाही, हे किती बरोबर लिहिलंत हो!” एकीने विचारलं, मागची बाजू तेवढी वेगळी मिळेल का. आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात साखर शोधताना मला डब्याखाली एक हँडबिल चौघडी घालून ठेवलेलं सापडलं. डबा आईचा. मी ते होतं तसं परत ठेवलं. आई आयुष्यात बाबांना उलट बोललेली नाही, त्यामुळे त्या घडीचा अर्थ काढायची माझी हिंमत झाली नाही.

आतेबहिणीचाही फोन आला. मी आत्याच्या खोलीवरच होतो, माफी मागायला गेलो होतो. फोन स्पीकरवर होता, कारण आत्या तेव्हा गाडीचा फॅनबेल्ट बदलून आल्यामुळे काळे झालेले हात धूत होती.

“आई, माझ्या सासरी कळलं तर?”

“तर सांग, आईला माणसाशी बोलायची हौस आहे. सवय जुनी आहे, जात नाही.”

“तुला एकटं वाटतं तर मला सांगायचं ना! मी करीन ना रोज फोन.”

“किती वाजता करशील?”

“म्हणजे... जमेल तसं.”

“बघ,” आत्या म्हणाली. बस, एवढंच. पोरीला बोललीही नाही. टॉवेलला हात पुसत राहिली, ते कोरडे झाल्यावरसुद्धा.

पाचव्या दिवशी मशीनवाल्यांचा फोन आला. बाजारामागच्या गल्लीत शिवणयंत्रं दुरुस्त करायचं त्यांचं दुकान आहे. वय छप्पन्न, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा-सून वरच्या मजल्यावर. आवाज घोगरा.

“मला तिसऱ्या मुद्द्याबद्दल विचारायचं होतं,” ते म्हणाले. “मला गाडी येतच नाही. ब्रेक कुठे असतो तेही माहीत नाही. मग दाबणार कुठून? चालेल का?”

आत्या हसली. मी तिला किती तरी महिन्यांनी हसताना ऐकलं.

दुपारी दोन ते चार दुकानात गिऱ्हाईक नसायचं, आणि आत्याच्याही दोन शिकवण्यांच्या मध्ये तेवढीच मोकळीक. ती जायला लागली. शटर अर्धं खाली ओढलं तर लोक बोलतील, म्हणून ते पूर्ण वर ठेवायचे. मशीनवाले स्टुलावर बसून यंत्राच्या पोटात बोटं घालून असत आणि आत्या काउंटरच्या अलीकडे. तीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात बसल्याने त्यांना कमी ऐकू येई. दर दोन वाक्यांनी ते म्हणत, “काय? परत सांगा.” दुसरी एखादी वैतागली असती. आत्या आनंदाने परत सांगायची. दूधवाल्याची सायकल तिने त्यांना तीनदा सांगितली असेल.

तिची एक चूक झाली, आणि ती गाडी शिकवणाऱ्या माणसाकडूनच होऊ शकते. ती स्कूलची गाडी घेऊन जायची. दुसरी गाडी तिच्याकडे नव्हतीच. आता या गाडीच्या टपावर चार फुटी पाटी, पाटीवर बाबांच्या स्कूलचं नाव आणि फोन नंबर, पुढे-मागे शिकाऊ गाडीचं लाल अक्षर. ज्याला एखादी गोष्ट चारचौघांपासून लांब ठेवायची असते तो डोक्यावर जाहिरात लावून जात नाही. अर्थात तिला लपवायचं नव्हतंच. पण आठवड्याभरात बाबांना सहा जणांनी कळवलं, आणि त्यांतल्या दोघांनी पाटीवरचाच नंबर फिरवून कळवलं.

बाबा भांडायला यायला हवे होते. आत्याकडे यायला हवे होते. ते मशीनवाल्यांकडे गेले. आरडाओरडा केला नाही म्हणे. बसले, पाणी मागून प्यायले आणि गोड आवाजात म्हणाले, “तुम्ही समजूतदार दिसता. तिच्या पोरीचा नवा संसार आहे, माझा धंदा आहे, तुमच्याही घरात सून आहे. तुम्हीच थांबवलंत तर बरं.” मशीनवाले बरं म्हणाले. दोन शहाणी माणसं एका स्टुलावर आणि एका खुर्चीवर बसली आणि तिसऱ्याच माणसाचं आयुष्य मिटवून टाकलं. चोरांनी निदान कुलूप तरी फोडलं असतं.

दुसऱ्या दिवशी शिकवणी संपवून आत्या ऑफिसात आली, खुर्चीत बसली आणि मोबाइलवरचा निरोप मोठ्याने वाचला. “‘आपल्या घरच्यांना त्रास नको. आपण इथेच थांबू. काळजी घ्या.’ दादा, घरचे म्हणजे कोण रे? माझ्या घरात मी एकटी राहते.”

बाबा फाइल चाळत राहिले.

“तू गेला होतास तिथे?”

“हं,” बाबा म्हणाले.

बाबांना बहुधा कळलंही नाही ते काय म्हणाले.

“तुझ्या भल्यासाठीच गेलो,” ते पुढे म्हणाले. “बेबी, तू भोळी आहेस. तुला माणसं कळत नाहीत.”

“मला माणसं कळत नाहीत?” आत्या उठली. “रोज सहा अनोळखी माणसांच्या हातात स्टिअरिंग देऊन शेजारी बसते मी! कोण कधी घाबरेल, कोण कुठल्या वळणावर डोळे मिटेल, हे मला त्यांच्याआधी कळतं. त्यावर तुझं स्कूल चाललंय. चौदा वर्षं तुझ्या गाडीला ओरखडा नाही. आणि भोळी? त्रेपन्न वर्षांची बाई आहे मी, दादा. बेबी म्हणून म्हणून तुम्हाला खरंच वाटायला लागलं.”

“माझी गाडी घेऊन तिथे जायचं नाही. एवढं मी सांगू शकतो.”

“सांगू शकतोस. गाडी तुझीच आहे.” तिने पर्समधून किल्ल्या काढल्या, टेबलावर ठेवल्या. आपटल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. “साडेचारला बँकेतल्या बाई येतील. रिव्हर्स कच्चा आहे. तू शिकव.”

“बाबा, तुम्ही तिची माफी मागा,” मी म्हणालो. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात मी वडिलांना केलेली पहिली आज्ञा.

“तू गप्प बस. तुझ्यामुळे झालं हे सगळं.”

“माझ्यामुळे लोकांना कळलं. झालं ते त्याच्या आधीच.”

एवढं बोलून मी बाहेर आलो, तर आत्या माझ्या स्कूटरशेजारी हेल्मेट घालून उभी. माझं हेल्मेट. “चल, मशीनवाल्यांकडे. आणि वळताना हात दाखव, न दाखवायची तुझी सवय फार वाईट आहे.” अख्ख्या रस्त्यात तिचा पाय माझ्या मागच्या पायदानावर ब्रेक दाबत होता आणि तोंड माझ्या कानात. सिग्नलला पाच सेकंद आधी निघालो तर तिने पाठीत गुद्दा घातला.

मशीनवाले एका जुन्या काळ्या यंत्राचा दट्ट्या काढून बसले होते. आम्हाला बघून उठले.

“या,” ते म्हणाले. “बसा.”

“बसायला नाही आले. मला विचारलंत?”

“काय?”

“आज परत सांगणार नाही! नीट ऐका. मला विचारलंत का?”

“तुमचे दादा म्हणाले—”

“फोन तुम्ही मला केला होतात की दादाला?”

“तुम्हाला त्रास होईल असं वाटलं.”

“मला कशाचा त्रास होतो ते मला विचारा ना! सव्वीस वर्षं एका माणसाने न बोलता सगळं ठरवलं. तुम्ही दोघांनी बोलून ठरवलंत, एवढाच फरक. बोललात तेही एकमेकांशी! माझ्या वाट्याला काय, तर काळजी घ्या! अहो, काळजी काय घ्यायची, मी काय काचेचं सामान आहे?” आणि हातातलं हेल्मेट तिने दाणकन काउंटरवर आपटलं.

काउंटरवर जाड काच होती. खाली सुया, बॉबिन, रंगीत रिळं मांडलेली. काचेला कडेपासून मधोमध लांब तडा गेला. आवाज काही फार झाला नाही.

मग मशीनवाल्यांचा चेहरा बदलला. मला वाटलं, आता हा शांत माणूस दार दाखवणार. तर तो चिडला. मनापासून, लालबुंद.

“आणि मी काय करायला हवं होतं? आं? एक माणूस येऊन माझ्याच दुकानात पाणी पितो आणि मला माझ्या सुनेची आठवण करून देतो! मी घाबरलो. हो, घाबरलो! मला भांडता येत नाही. सहा वर्षांत माझ्याशी कुणी वरच्या आवाजात बोललेलंच नाही. वरती जेवणाचं ताट येतं, खाली रिकामं जातं. भांडण विसरलो मी!”

“मग शिका!”

“कुणाकडे शिकू?”

“मी काय शिकवते चौदा वर्षं? लोकांना घाबरायचं बंद करायलाच शिकवते!”

दारात एक बाई यंत्राचं झाकण छातीशी धरून उभ्या होत्या. “मी नंतर येऊ का?”

“थांबा!” दोघं एकदम म्हणाले.

त्या बाई थांबल्या. मला वाटतं, त्यांना हँडबिल मिळालेलं होतं.

“तो निरोप मी मागे घेतो,” मशीनवाले जरा खाली आवाजात म्हणाले.

“असा नाही. ज्याला ‘बरं’ म्हणालात त्याच्यासमोर घ्या. तोवर मी इथे येणार नाही.” आणि ती बाहेर पडली. स्कूटरवर बसल्यावर तिचा पाय या वेळी ब्रेक दाबत नव्हता. “गेलं बहुतेक,” ती म्हणाली. “हा नाही येणार. तू सावकाश चालव.”

चार दिवस काही झालं नाही. आत्या खोलीवर बसून होती. जुन्या विद्यार्थिनींना फोन करून विचारत होती, स्वतःच्या गाडीत सराव करायचा असेल तर मी येते. मोबाइल हातात आणि नजर त्याच्यावर, पण तिने मशीनवाल्यांना फोन केला नाही. मी म्हटलं, “कर ना तू.” तर म्हणाली, “तुझं यंत्र बंद पडलंय का? जा, काम कर.”

पाचव्या दिवशी ते आले. बाबांच्या ऑफिसात, भर सकाळी, नवशिक्यांच्या गर्दीत. मी बिलं द्यायला गेलो होतो म्हणून बघायला मिळालं. इस्त्रीचा शर्ट, नखांत तेल तसंच. एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले, डोक्यावर रस्त्याच्या खुणांचा तक्ता, दोन्ही बाजूंना कॉलेजची पोरं.

“त्या दिवशी मी तुम्हाला बरं म्हणालो,” ते बाबांना म्हणाले, “ते चुकलं. ते विचारायचा हक्क तुम्हाला नव्हता आणि उत्तर द्यायचा मला नव्हता. मी त्यांना भेटणार आहे. त्यांना हवं असेल तोवर.” आवाज कापत होता. कमी ऐकू येत असल्यामुळे तो जरा मोठा लागला, आणि बाहेर उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेला.

“निघा इथून,” बाबा म्हणाले.

“काय?”

“निघा!”

“निघतो,” मशीनवाले म्हणाले आणि पाणीसुद्धा न मागता निघाले.

या गोष्टीला पाच महिने झाले. बाबा आत्याशी बोलत नाहीत. मला वाटायचं न बोलणं हा आतोबांचा खास गुण आहे. तो आमच्याही घरात भरपूर निघाला. बँकेतल्या बाईंना बाबांनी रिव्हर्स शिकवला आणि त्यांनी गाडी ऑफिसच्या पायरीवर चढवली, हे मात्र मी आनंदाने नोंदवतो. आत्या आता बायकांना त्यांच्याच गाड्यांत शिकवते. तिच्या पायाशी ब्रेक नसतो, म्हणून ओरडणं दुप्पट झालंय. कमाई पूर्वीच्या निम्मी आहे. आतेबहीण फोन करते, जमेल तसं.

दुपारी दोन ते चार ती दुकानात असते. ते प्रेमाने गुजगोष्टी करत असतील असं कुणाला वाटत असेल तर जाऊन बघा. भांडत असतात. मशीनवाले बरेच तयार झालेत, परवा त्यांनी सुनेलाही चार शब्द ऐकवले. सध्याचं भांडण काचेचं आहे. काच मी फोडली, मी बदलून देणार, असं आत्या म्हणते. काचवाला दोनदा माप घेऊन गेला. दोन्ही वेळा जाड हवी की साधी यावरून जुंपली आणि तो वैतागून निघून गेला. तड्यावर चिकटपट्टी लावली आहे, आणि तडा पट्टीच्या पुढे बोटभर सरकलाय. काच अजून द्यायचीच आहे.